तीन वाजताचा चहा

सोसायटीच्या निवडणुका घेणं हाही कुणाच्या पोटापाण्याचा उद्योग असू शकतो, हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग आपल्या सोसायटीतल्या भानगडी सांगायला बसतात. मी उभा जन्म त्या भानगडी ऐकण्यात घालवला. दिल्लीतल्या सहकारी सोसायट्यांवर देखरेख करणारं सरकारी कार्यालय आहे, तिथे मी नोकरीला होते, आणि शेवटची बरीच वर्षं माझ्याकडे एकच काम होतं, निवडणूक अधिकारी. रविवारी लोक मटण आणायला बाहेर पडतात, मी मतपेटी सील करायला लाखेची कांडी, मेणबत्ती आणि शिक्का घेऊन बाहेर पडायची. आमचे हे दारातून ओरडायचे, "लोकशाही निघाली! जेवायला येणार का?"

मी मूळची कोल्हापूरची. लग्न करून दिल्लीला आले, हिंदी शिकले, छोले करायला शिकले, पण जिभेचा तिखटपणा काही गेला नाही. त्याचा या कामात उपयोगच झाला म्हणायचा.

कामाचं स्वरूप तसं सोपं. एका फ्लॅटला एक मत. ज्याला उभं राहायचंय त्याने अर्ज भरायचा, त्यावर सूचक आणि अनुमोदक अशा दोन सभासदांच्या सह्या घ्यायच्या. ठरलेल्या दिवशी तीन वाजेपर्यंत अर्ज माझ्या टेबलावर यायला हवा. मग तपासणी, माघार, मतदान, मोजणी. लोकसभेची निवडणूक घेणारे आमचे काही ओळखीचे अधिकारी मोठ्या तोऱ्यात असत. मी त्यांना म्हणायची, तुमचं बरं आहे बाबा. तुमचा हरलेला उमेदवार जिंकलेल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टमध्ये भेटत नाही.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नग. रोहिणीत एक नवरा-बायको एकाच जागेसाठी एकमेकांविरुद्ध उभे राहिले. फ्लॅट दोन होते, म्हणून दोघंही सभासद. दुसरी सही कुणी देईना, म्हणून शेवटी दोघं एकमेकांचे अनुमोदक झाले. दोघंही पडले आणि घरी जाताना एकाच स्कूटरवरून गेले. द्वारकेत एक निवृत्त कर्नल मतपेटीला सॅल्यूट ठोकून मगच मत टाकायचे, आणि दारात थांबलेली त्यांची बायको दर वेळी कपाळाला हात लावायची. एक गृहस्थ कुत्र्याला घेऊन आले आणि म्हणाले, पार्कात याला फिरवायचं की नाही यावरच निवडणूक आहे, तर तो बाहेर का थांबणार? मी म्हटलं, त्याच्या नावावर फ्लॅट आहे का? ते विचारात पडले. खरंच विचारात पडले हो.

आता चहाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्या चहावर आहे.

या कामाच्या पहिल्याच वर्षी पटपडगंजच्या एका सोसायटीत मी तीनच्या ठोक्याला टेबल बंद केलं. चार मिनिटांनी एक विधवा बाई धापा टाकत आल्या, हातात अर्ज. लिफ्ट अडकली होती. त्यांना लिफ्टसाठीच उभं राहायचं होतं. मी घड्याळ दाखवलं. त्यांनी अर्जाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि त्या जिन्याने वर गेल्या. मला तीन दिवस अन्न गोड लागलं नाही. तेव्हापासून मी थर्मास न्यायला लागले. तीन वाजले की मी थर्मासचं झाकण उघडायची, चहा ओतायची आणि मोठ्याने विचारायची, "अजून कुणाचं काही?" चहा संपेपर्यंत टेबल बंद होत नसे. कुणाची सही राहिलेली असे, कुणाचा फ्लॅट नंबर चुकलेला असे, तेवढ्यात ते धावत जाऊन दुरुस्त करून आणत. नियमात हे बसत नव्हतं, मला काय ते ठाऊक नव्हतं? पण अधिकाऱ्याच्या घड्याळात किती वाजले हे अधिकाऱ्यानेच ठरवायचं असतं, आणि मी चहा फार गरम पिते, म्हणजे फार हळू पिते. पूर्व दिल्लीत ही गोष्ट सगळ्यांना माहीत झाली होती. "सरनाईक मॅडमची चाय" असं तिचं नावच पडलं होतं.

मयूर विहारमधल्या एका सोसायटीची ही गोष्ट. खरं नाव लिहीत नाही, समता कुंज म्हणू. तिथे मेहरोत्राजी नावाचे गृहस्थ अध्यक्ष होते. त्यांना सगळे प्रधानजी म्हणत, आणि ते इतकी वर्षं त्या खुर्चीवर होते की तिथली कॉलेजातली मुलं प्रधान हे त्यांचं आडनावच समजत. माणूस कामाचा. आजूबाजूला टँकरसाठी भांडणं व्हायची, तेव्हा समता कुंजच्या नळाला पाणी असे. पार्कातलं प्रत्येक झाड त्यांनी स्वतः उभं राहून लावून घेतलेलं. पण निवडणूक म्हटली की दर वेळी तेच. उरलेल्या जागांवर कोण बसणार ते प्रधानजी आदल्या संध्याकाळी ठरवणार, जागा तितकेच अर्ज येणार, सगळे बिनविरोध, आणि मी समोसा खाऊन परत. लाखेची कांडी तशीच कोरी.

एकदा मी तोंड उघडलं. निवडणुकीची नोटीस बोर्डावर पुरेसे दिवस लागलीच नव्हती. मी म्हटलं, प्रधानजी, असं चालणार नाही, पुन्हा लावा. ते हसले, "मॅडम, पढ़ता कौन है?" आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या साहेबांना फोन केला. साहेबांनी मला सगळ्या सेक्शनसमोर उभं केलं, मोठ्या माणसांशी जपून बोलायचं असतं म्हणून सुनावलं आणि माझ्याकडूनच दिलगिरीचं पत्र टाइप करून घेतलं. माझ्या बोटांनी, माझ्याच चुकीबद्दल, जी माझी नव्हती. घरी येऊन मी त्या दिवशी भांडी इतकी आपटली की हे न सांगताच बाहेर फिरायला निघून गेले.

त्याच सोसायटीत बापटसर राहायचे. दिल्लीच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. आमची ओळख बसमधली. जानेवारीत इथली मराठी मंडळी पानिपतला काला अंबच्या स्मारकावर जातात, त्या बसमध्ये सर माझ्या शेजारी बसले होते. पानिपतात आपण शत्रूमुळे किती हरलो आणि एकमेकांमुळे किती, यावर ते सोनीपतपासून बोलायला लागले ते पोचेपर्यंत. गंमत म्हणजे ती बस प्रधानजींनी मिळवून दिलेली असे, आणि ते स्वतः पंजाबी खत्री असूनही दर वर्षी बरोबर येत. सरांचे ते जिवलग. रोज सकाळी दोघं पार्कात एकत्र चालत, एक हिंदीत बोलणार, दुसरा मराठी वळणाच्या हिंदीत. सरांच्या पत्नी जिन्यात पडल्या तेव्हा प्रधानजींनीच त्यांना आपल्या गाडीत घालून हॉस्पिटलमध्ये नेलं होतं.

पण सरांच्या डोक्यात एक किडा होता. दोन वेळा अध्यक्ष झालं की तिसऱ्यांदा होता कामा नये, असा नियम सोसायटीच्या घटनेत यायला हवा. आणि त्याआधी एकदा, निदान एकदा, समता कुंजमध्ये खरंखुरं मतदान व्हायला हवं. ते मला म्हणायचे, "ताई, ही चांगली माणसं आहेत, पण यांना मत द्यायची सवयच राहिली नाही. राजा चांगला असला तरी शेवटी राजाच." प्रधानजींनाही त्यांनी हे सकाळच्या फेरीत दहा वेळा सांगितलं होतं. प्रधानजी म्हणायचे, "बिल्कुल सही, बापटजी. अगली बार." ही अगली बार कधी आली नाही.

मग तिथे सेठी अवतरले. टॉप फ्लोअरला राहायचे. त्यांना गच्चीवर एक खोली काढायची होती आणि प्रधानजी परवानगी देत नव्हते. पण लोकांसमोर खोलीचं नाव सेठींच्या तोंडी कधी आलं नाही. ते फक्त लोकशाहीबद्दल बोलायचे. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाच्या फुलासोबत संविधानाची प्रस्तावना टाकायचे. ते सरांकडे गेले आणि म्हणाले, तुमच्यासारखा निःस्वार्थी माणूस उभा राहिला तर आम्ही सगळे मागे येतो. सरांनी पंधरा दिवस विचार केला. मित्राविरुद्ध उभं राहायचं! मग प्रधानजींच्या घरी जाऊन त्यांनी तोंडावर सांगितलं की मी उभा राहतोय. प्रधानजी म्हणाले म्हणे, राहा की, मजा येईल, हरल्यावर सकाळी फिरायला यायचं मात्र चुकवायचं नाही.

मी खूष झाले होते. समता कुंजमध्ये मतदान! मी मतपत्रिका छापायचं बोलून ठेवलं, मतपेटी धुऊनपुसून काढली. लाखेची नवी कांडी आणली.

अर्जांचा दिवस उजाडला. क्लबरूममध्ये माझं टेबल. बापटसरांचा अर्ज सकाळीच आला, अक्षर फळ्यावर लिहिल्यासारखं. सेठींच्या बाजूच्या सगळ्यांचे आले, प्रधानजींच्या माणसांचेही आले. प्रधानजी आपल्या सवयीप्रमाणे सर्वांत शेवटी, अडीचच्या पुढे, गप्पा मारत आले आणि अर्ज ठेवला. सूचक एक शेजारी, अनुमोदक गुप्ताजी. मी बघितलं, ठीक वाटलं, बाजूला ठेवलं.

तीनला पाच मिनिटं होती तेव्हा सेठी सभासदांचं रजिस्टर घेऊन पुढे आले आणि पान उघडून त्यांनी बोट ठेवलं. गुप्ताजी सभासदच नव्हते. फ्लॅट त्यांच्या बायकोच्या नावावर होता. दिल्लीत हे घरोघरी असतं. कर वाचावा म्हणून, कर्ज मिळावं म्हणून घर बायकोच्या नावावर करतात आणि मग तीस वर्षं नवराच मीटिंगला येतो, नवराच भांडतो, नवराच सह्या करतो. बाईंना आपण सभासद आहोत हे माहीतही नसतं. मी असे शंभर अर्ज पाहिले असतील. त्यावर इलाज पाच मिनिटांचा असतो. बाईंना खाली बोलवायचं, सही घ्यायची. मिसेस गुप्ता तिसऱ्या मजल्यावर घरीच होत्या. एक कप चहाचा वेळ, बास.

क्लबरूममध्ये सगळे माझ्याकडे बघत होते. बापटसर खिडकीजवळ उभे. प्रधानजी गोंधळून गुप्ताजींकडे बघत होते, आणि गुप्ताजी रजिस्टरकडे असे बघत होते की जणू बायकोने त्यांना फसवून फ्लॅट घेतला. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले. थर्मास माझ्या पायाशी पिशवीत होता.

मला ते दिलगिरीचं पत्र आठवलं. खोटं कशाला बोलू? तेच आठवलं. सेक्शनमधली माणसं माना खाली घालून हसत होती ते आठवलं. मनात म्हटलं, बरा सापडलास. आणि त्याच क्षणी, बघा माणसाचं मन कसं असतं, त्या विचारावर मी चटकन एक झगा चढवला. म्हटलं, नियम म्हणजे नियम. मोठ्या माणसालाही तोच. लोकशाहीत सगळे सारखे.

प्रधानजींनी माझ्या पिशवीकडे पाहिलं. आवाज अगदी साधा होता.

"मॅडम, आज चाय नहीं?"

"नाही," मी मराठीतच म्हणाले. "तीन वाजले. टेबल बंद."

प्रधानजींनी खिडकीकडे एकदा पाहिलं. मग मी अर्जावर लाल पेनाने आडवी रेघ मारली आणि 'नामंजूर' लिहिलं. प्रधानजींनी आपली खुर्ची नीट टेबलाखाली सरकवली आणि ते बाहेर गेले.

पुढे काय व्हावं ते झालं. चिडून प्रधानजींच्या माणसांनी दुसऱ्या दिवशी माघार घेतली. प्रधानजींविरुद्ध उभं राहायची हिंमत तिसऱ्या कुणी केलीच नव्हती, त्यामुळे अध्यक्षपदासाठी एकच अर्ज उरला. बापटसर बिनविरोध निवडून आले. ज्या माणसाला आयुष्यात एकदा समता कुंजमध्ये मतदान झालेलं बघायचं होतं, तो एकही मत न पडता प्रधान झाला. मतपत्रिका छापल्याच नाहीत, धुतलेली मतपेटी पुन्हा कपाटात गेली. लाखेची कांडी पुन्हा कोरी.

सरांना वाटलं, ठीक आहे, निदान नियम तरी करून घेऊ. चार महिन्यांनी त्यांनी सर्वसाधारण सभेत दोन वेळांचा नियम मांडला. मी निरीक्षक म्हणून तिथे होते. सर सुंदर बोलले, थोडं लांबलं, पण सुंदर. मग सेठी उठले. हात जोडले आणि फार नम्रपणे म्हणाले, "सर, हम सब आपकी इज़्ज़त करते हैं। लेकिन जिनको एक भी वोट नहीं मिला, वो हमारा संविधान कैसे बदल सकते हैं?"

टाळ्यांनी क्लबरूम दणाणली. आणि काय सांगू, मुद्दा बरोबर होता! सरांच्याच वहीतून काढल्यासारखा. मागच्या रांगेतून कुणीतरी प्रधानजींनी लावलेल्या झाडांचं काढलं, कुणी पाण्याचं काढलं, कारण तोवर नळाला दिवसाआड पाणी येत होतं. ज्यांनी प्रधानजींना घालवलं तेच आता त्यांच्या आठवणीने गहिवरले. सेठीही गहिवरले. नियम आपटला. सरांनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. सेठी अध्यक्ष झाले, बिनविरोध, आणि आजही आहेत. गच्चीवरची खोली झाली आहे. तिला म्हणे सोसायटीचं वाचनालय म्हणायचं, किल्ली सेठींकडे असते.

प्रधानजींनी फ्लॅट विकला आणि मुलाकडे गुरुग्रामला गेले. तिथे तिसाव्या मजल्यावर राहतात. आमच्या ह्यांचा एक जुना सहकारी त्याच टॉवरमध्ये आहे, तो सांगतो की ते रोज सकाळी खाली येतात आणि झाडांना पाणी घालणाऱ्या माणसाला सूचना देतात. तो माणूस कंपनीचा असतो, तो 'अच्छा जी' म्हणतो आणि आपलं तेच करतो. लिफ्ट बिघडली तर तिथे मोबाईलवर तक्रार टाकायची असते. भांडायला समोर कुणी नाही, हा माणूस करणार काय!

मी निवृत्त झाले. निरोपसमारंभात साहेबांनी माझ्या कर्तव्यकठोरपणाचं उदाहरण म्हणून नेमका समता कुंजचा अर्ज सांगितला. मोठ्या माणसालाही मॅडमनी सोडलं नाही, म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हार सावरत बसले.

यंदा जानेवारीत पुन्हा काला अंबला गेलो. बस मंडळाने भाड्याने घेतली होती, सीटा मोडक्या. बापटसर आले होते, वाळलेले दिसले. स्मारकावर फुलं वाहून झाली, घोषणा झाल्या, आणि आम्ही दोघं बाहेरच्या टपरीवर चहा घ्यायला उभे राहिलो. ऊन छान पडलं होतं. इकडचंतिकडचं बोलून झालं, आणि मला वाटलं, आता सांगून टाकावं. मी म्हटलं, सर, त्या दिवशी मी नियमासाठी नाही केलं. माझा जुना राग होता. मी मुद्दाम चहा घेतला नाही.

मला वाटलं सर चिडतील. ते ग्लास हातात फिरवत राहिले.

"ताई, मला ते तेव्हाच कळलं होतं," ते म्हणाले. "प्रधानजींनी तुम्हाला चहाचं विचारलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी नुसतं म्हणायचं होतं की मॅडम, घ्या चहा, आम्ही थांबतो. तुम्ही थांबला असतात."

थांबले असते का? थांबले असते. सर बोलले असते तर मला लाज वाटली असती.

"मग का नाही बोललात?"

"कारण मतदान झालं असतं तर मी हरलो असतो. मला पक्कं माहीत होतं." त्यांनी चहा संपवला. "तीस वर्षं मुलांना शिकवलं, ताई, की प्रजासत्ताक कशानं बुडतं. परीक्षेला यायचंच ते."

सेठी आम्हांला सोयीचे होते. सगळं खापर त्यांच्या गच्चीवर फोडून आम्ही दोघं मोकळे झालो होतो. पण ज्याला खोली हवी होती तो निदान मनातल्या मनात तरी तिला खोलीच म्हणत होता. आम्हांला सूड आणि खुर्ची हवी होती आणि त्याला आम्ही तत्त्व म्हणत होतो. विधवा बाईंचा अर्ज मी निव्वळ घड्याळ बघून नाकारला होता, त्याचं मला तीन दिवस वाईट वाटलं. प्रधानजींचा जाणूनबुजून नाकारला आणि त्याबद्दल हार घेतला.

परत येताना मी सरांना विचारलं की तुम्ही प्रधानजींना भेटलात का. ते म्हणाले, कुठल्या तोंडाने जाऊ? मेट्रोने तासाभराचा रस्ता. एवढ्या दिवसांत एक फोन नाही. सकाळी पार्कात एकटेच फिरतात, आणि एकट्याने चालताना त्यांचा वेग वाढतो म्हणे, त्यामुळे फेरी लवकर संपते.

म्हणून या अंकाच्या संपादकांनी जेव्हा विचारलं की नोकरीतले मजेदार अनुभव लिहाल का, तेव्हा मी हो म्हटलं. कर्नलसाहेब आणि कुत्रा तुमच्यासाठी लिहिले. उरलेलं एका माणसासाठी लिहिलं आहे आणि त्याला मराठी वाचता येत नाही. या अंकाची एक प्रत मी बापटसरांच्या घरी पाठवणार आहे. सर, ती घेऊन तुम्ही गुरुग्रामला जायचं. तिसाव्या मजल्यावर प्रधानजींसमोर बसायचं, मोठ्याने वाचायचं आणि तुमच्या त्या मराठी वळणाच्या हिंदीत एकेक ओळ समजावून सांगायची. माझा भाग सगळा सांगायचा. टपरीवर तुम्ही जे बोललात तेही सांगायचं, तिथे आल्यावर पान उलटायचं नाही.

अर्ध्या तासाचं काम आहे. मी बरोबर थर्मास भरून देते. प्रधानजींना सांगा, मॅडमने उशिरा का होईना, चाय पाठवली आहे, आणि ती संपेपर्यंत त्यांना काय बोलायचं ते बोलून घ्यावं.